कोरियातला सुतार आणि शहाडचं गेट

दादा,

काल तुझा तेरावा झाला. पंगतीत निम्मे तुझ्या बाजूचे होते, निम्मे माझ्या, आणि दोघांनीही तुझं तोंडभरून कौतुक केलं. कंपनीचे साहेब म्हणाले, हवालदारांनी कर्तव्य बजावताना प्राण दिले. आमच्या युनियनचे नाना म्हणाले, हवालदार मालकाच्या गेटावर असले तरी मनाने कामगारांचेच होते. तू असतास तर दोघांच्याही पानात आणखी एकेक जिलबी टाकून त्यांना गप्प केलं असतंस. मी खाली मान घालून वाढत होतो. ज्याने तुला मारलं तो पंगतीला आला नव्हता, आणि त्याची गैरहजेरी मोजणारा मी एकटाच होतो.

सोमवारी मला जबाबासाठी चौकीवर बोलावलंय. पानं उचलल्यावर नानांनी मला न्हाणीघरापाशी गाठलं. "वसंता, तू मागे होतास. गर्दीत कोण कुणाला बघतो? कुणी काहीच पाहिलेलं नाही, समजलं ना?" मी मान हलवली. पण मी मागे नव्हतो. तुझ्यापासून दहा पावलांवर होतो. सगळं पाहिलं, आणि पाहायच्या आधी मी जे केलं ते अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतो. मला वाटतं तुला ते ठाऊकच होतं, म्हणून तर सांगायला जड जातंय.

लोकांना वाटतं, संपामुळे आपण बोलत नव्हतो. साफ खोटं. आपलं भांडण कोरियाचं होतं, आणि ते मी सुरू केलं होतं. तू परत आलास त्या दिवशी कल्याण स्टेशनाबाहेर टांग्यात तुझी ट्रंक चढवताना मी पहिला प्रश्न काय विचारला? "काय रे दादा, अमेरिकेची रखवालदारी जमली का?" वहिनीने मला कोपर हाणलं. तू मान वळवलीस आणि म्हणालास, "या बाजूने बोल." तेव्हा कळलं की तुझा डावा कान गेलेला आहे.

मला तेव्हा सगळंच पक्कं ठाऊक असायचं. शहाडच्या कारखान्यात लागून वर्ष झालेलं, खिशात युनियनचं कार्ड, तोंडात नानांची भाषा. एका गरीब देशात लाल झेंडा नको म्हणून अमेरिकेने समुद्रापलीकडून येऊन तीन वर्षं बॉम्ब ओतले. त्यांच्याच घरच्या लोकांना त्या युद्धाचा कंटाळा आला. शेवटी लढाई जिथून निघाली तिथेच येऊन थांबली, आणि मागे राहिलेल्या कैद्यांचा घोळ निस्तरायला आपल्या पलटणी मागवल्या. काही कैदी म्हणत होते, आम्हाला आमच्या लाल मुलखात परत जायचं नाही. ते मनापासून म्हणतात की कुणाच्या धाकाने, हे ठरेपर्यंत त्यांना सांभाळायचं हे तुमचं काम. "आम्ही कुणाच्याच बाजूचे नव्हतो," तू म्हणायचास. "बाजू नसलेला माणूस शेवटी मालकाचाच असतो," मी म्हणायचो. हे नानांचं वाक्य. ते म्हणताना मी हातही त्यांच्यासारखाच हलवायचो, आणि तू गालातल्या गालात हसायचास.

पण मोर्चात धरून मला ठाण्याच्या तुरुंगात टाकलं तेव्हा वहिनीने केलेले पोहे घेऊन कोण आलेलं? नाना नाही आले. तू आलास, लष्करातला कोट चढवून, आणि तिथल्या अधिकाऱ्याला म्हणालास, "साहेब, गुन्हेगार नाही हो हा, नुसता बडबड्या आहे." मी चिडून पोहे खाल्ले नाहीत. ते मी खायला हवे होते, दादा.

कोरियाबद्दल तू घरात कधी बोलला नाहीस. रविवारी सकाळी आपण पुलाखाली उल्हास नदीत पोहायला जायचो, तिथे खडकावर अंग वाळवत तू थोडं थोडं सांगायचास. "कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंतचा मुलूख धर," तू एकदा म्हणालास, "आणि त्यात गुडघ्याच्या वर एक भिंत शिल्लक नाही." थंडी अशी की बादलीतलं पाणी दगडाने फोडायला लागायचं. रसद आणणारा एक धिप्पाड अमेरिकन ड्रायव्हर होता. शेतकऱ्याचा मुलगा. तो तुला सिगारेट द्यायचा. एकदा त्याने विचारलं, हवालदार, हे युद्ध नक्की कशासाठी झालं? तू म्हणालास, मला वाटलेलं तुला ठाऊक असेल. त्याचे तीन मित्र एका टेकडीवर मेले होते आणि ती टेकडी नंतर त्यांनी सोडून दिली होती. हे सांगताना तो चाकावर लाथा मारत सुटला, मारतच राहिला, आणि तू तिथे त्याची सिगारेट हातात धरून उभा राहिलास.

मग एका रविवारी सुताराची गोष्ट सांगितलीस.

त्याचं नाव तुला नीट म्हणता यायचं नाही, म्हणून तो सुतार. तिशीचा, बुटका, खोक्यांच्या फळ्यांतून पळ्या आणि पाट बनवायचा. छावणीत काटेरी तारांचे वाडे होते, एकेका वाड्यात कैद्यांचे तंबू, आणि आत राज्य त्यांच्याच म्होरक्यांचं. हे म्होरके लाल राजवटीच्या विरुद्ध. परत जायचं नाव काढील त्याला ते तंबूच्या खांबांनी बडवायचे. सगळ्यांच्या दंडांवर जबरदस्तीने घोषणा गोंदवलेल्या, म्हणजे परत गेलाच तर तिकडचे जिवंत ठेवणार नाहीत. सुताराने आपलं गोंदण काचेच्या तुकड्याने खरवडून काढलं होतं. तिथे नुसतं लाल मांस होतं. सरपण उचलायला फाटकापाशी आला तेव्हा त्याने तुला बाही वर करून ते दाखवलं, उत्तरेकडे बोट केलं आणि हात जोडले. घरी जायचं होतं त्याला. गाव दोन दिवसांच्या चालीवर होतं.

नियम सरळ होता. फाटकाशी येऊन जो घरी जायचं म्हणेल त्याला त्याच पावली बाहेर घ्यायचं. दुसऱ्या कुठल्याही पलटणीतल्या जवानाने तेच केलं असतं. पण तू आपल्या घरातला. आपल्या घरी सहलीला जायचं असो की चप्पल घ्यायची असो, एकच सवाल: अप्पांना विचारलं का? तू लष्करात भरती झालास तोही अप्पांनी चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचून "बरं" म्हटल्यावर. थोरल्या माणसाला न विचारता घर सोडून जाणं म्हणजे पळून जाणं, हे आपल्या हाडात मुरलेलं. सुताराने चोरासारखं जाऊ नये, मानाने जावं, असं तुला वाटलं. वाड्याचा मुख्य होता पांढऱ्या केसांचा, शांत, मोडकं इंग्रजी बोलणारा. कधीकाळी शाळामास्तर होता म्हणे. तू त्याला फाटकाशी बोलावलंस आणि अदबीने म्हणालास, तुमचा हा माणूस घरी जाऊ इच्छितो, तुमची काही हरकत?

म्हातारा हसला. हरकत कसली, म्हणाला. सामान घेऊ दे, दोन घास खाऊ दे, मग येईल. त्याने सुताराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला आत नेलं. सुताराने एकदाच मागे वळून तुझ्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, निरोप घेतोय," तू म्हणालास.

थोड्या वेळाने आत डबे वाजायला लागले. सगळा वाडा एकसुरात गायला लागला. तुमच्यातले काहीजण टाळ्या वाजवून ठेका धरत होते. मग एका जवानाला गाण्याच्या मध्ये काहीतरी ऐकू आलं आणि तुम्ही लाठ्या घेऊन आत घुसलात. दगडांचा पाऊस पडला. तुझ्या शेजारच्याचा जबडा फुटला, तुझ्या डाव्या कानशिलावर धोंडा बसला. तंबूत सुतार सापडला. हात मागे बांधलेले, तोंडात चिंध्या कोंबलेल्या, दंडावरच्या लाल जागेत पुन्हा तीच घोषणा कोरलेली, या वेळी खिळ्याने. डोक्याचं काय झालं होतं ते तू सांगितलं नाहीस. नदीतलं पाणी ओंजळीओंजळीने घेऊन तोंडावर मारत राहिलास.

पुढचं तुला जास्त लागलेलं. वाड्यातल्या सगळ्यांना ओळीने बसवलं आणि विचारलं, कुणी मारलं? कुणी काहीच पाहिलं नव्हतं. "वशा, त्या ओळीत चारपाच जण रडत होते रे. खाली मान घालून, गपचूप. त्यांनी पाहिलेलं. पण बोलला एकही नाही. आणि तो म्हातारा मला नमस्कार करून चहा विचारतो."

मी काय म्हणालो, आठवतं? मी म्हणालो, "बघ! अमेरिकेने पोसलेल्या गुंडांनी कॉम्रेडला मारलं." तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी परक्या भाषेत बोललो. मग कपडे घालून निघून गेलास.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी मी कसला! पुढच्या गेटसभेत नानांनी मला बोलायला उभं केलं आणि मी सुताराची गोष्ट ठोकून दिली. लाल सुतार, छातीवर वार झेलत झेंड्याचं नाव घेत गेलेला. टाळ्या पडल्या, मुठी वर गेल्या. तू तेव्हा त्याच कारखान्यात वॉचमनांचा जमादार झाला होतास, आणि मी बोललो त्या गेटाच्या आतल्या बाजूला उभा होतास. घरी आल्यावर तू मला वहिनीसमोर कानाखाली वाजवलीस. आयुष्यात एकदाच. ओठ फुटला माझा.

"तो कुणाचा कॉम्रेड नव्हता," तू म्हणालास. "त्याला घरी जायचं होतं. तेवढंच. त्याच्या तोंडात तिथे चिंध्या कोंबल्या आणि इथे तू घोषणा कोंबल्यास. आणि तो ड्रायव्हर? तो का नाही सांगितलास गेटवर?"

"तू विचारायला गेलास त्या म्हाताऱ्याला!" मी रक्त पुसत ओरडलो. "तू मारलंस त्याला!"

हे मी बोललो, दादा. वहिनीच्या हातातली परात खाली पडली. तू चपला घालून बाहेर गेलास. त्या दिवसापासून संपापर्यंत आपण एका घरात राहून एकमेकांशी वहिनीमार्फत बोललो. "वशाला सांग, पाणी भरून ठेवलंय." "वहिनी, दादाला सांगा, भात झालाय." माफी मागायला मला रोज सकाळ मिळत होती, आणि मी रोज सकाळी दात घासत तुझ्याकडे पाठ करून उभा राहायचो.

आता त्या दिवसाचं सांगतो. संपाचा तिसरा आठवडा. लोक उपाशी होते, चिडलेले होते, आणि एक माणूस आत गेला तर उद्या पन्नास जातील या भीतीने पेटलेले होते. मीही. दुपारी नदीच्या अंगाने पायवाटेवरून गणपत येताना मला दिसला. आमच्याच खात्यातला, नदीकाठच्या गावातला, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. त्याला कामावर जायचं होतं. गणपत कुणाच्या बाजूचा वगैरे नव्हताच कधी.

पहिल्यांदा तो दिसला मला. आणि मी ओरडलो, "अरे तो बघा फितूर! धरा! सोडू नका त्याला!"

तो आवाज माझा होता, दादा. हेच ते. गर्दी वळली ती माझ्या आवाजाने.

मग सगळं फार लवकर झालं. गणपत पडला. लाथा बसत होत्या, त्याची भाकरी मातीत तुडवली गेली, कुणीतरी त्याच्या बोटांवर टाच देऊन उभं राहिलं. "मना जाव दे रं, मना जाव दे," एवढंच तो म्हणत होता, आणि आमचे लोक घोषणा देत होते, इतक्या मोठ्याने की त्याचं म्हणणं ऐकूच येऊ नये. मीसुद्धा देत होतो. तेवढ्यात गेटातलं छोटं दार, दिंडी, उघडून तू बाहेर आलास. लाठी आतच ठेवलीस. गर्दीत कोपरांनी वाट काढलीस आणि गणपतच्या अंगावर पालथा पडलास, छत कोसळायला लागलं तर घरातलं कुणी पाळण्यातल्या पोरावर पडेल तसा. तुला ओळखून चारसहा जण मागे हटले. सदा हटला नाही.

आपला सदा. तुझ्या हातचा रस्सा खायला येणारा, तुला "हवालदारदादा" म्हणणारा, दोन मुलींचा बाप. त्याच्या हातात ट्रॉलीचा लोखंडी दांडा होता. त्याने तुझा चेहरा पाहिला होता की नाही, देव जाणे. त्याने दांडा दोन्ही हातांनी वर नेला आणि खाली आणला. एकदाच. भिजलेलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. माझ्या तोंडात घोषणा अर्धी होती.

टांग्यात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. माझं धोतर चिकट झालं, टांगेवाला "देवा, देवा" करत घोडा पळवत होता. मी दोन्ही हातांनी दाबून धरत होतो आणि बोटांमधून गरम रक्त येतच होतं. तू डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होतास. डॉक्टरांच्या पायरीवर मान कलंडली. गणपत वाचला. त्याची तीन बोटं गेली, पण वाचला.

तेव्हापासून मी एकच हिशेब लावत बसलोय. तू गेटाच्या आत कसा उभा होतास, तोंड कुठे होतं, मी कुठल्या बाजूला होतो. तुझा डावा कान बंद. मी उजवीकडे होतो. तू माझा आवाज ऐकलास. लहानपणापासून ऐकत आलेला आवाज, चुकेल कसा?

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. आज सोमवार आहे.

सकाळी चौकीकडे निघालो तर कोपऱ्यावर नाना दोघांना घेऊन उभे. म्हणाले, आधी युनियनच्या खोलीवर चल, काय सांगायचं ते बसून ठरवू. माझ्यावर बापासारखी माया केली आहे त्यांनी. आणि सदा आत गेला तर त्याच्या मुली उघड्यावर पडतील, हे त्यांनी बोलून दाखवलं ते काही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "नाना, मी विचारायला येणार नाही." "शहाडात पाय ठेवायचाय ना पुन्हा?" त्यांच्याबरोबरचा एकजण म्हणाला. नाना त्याला गप्प बस म्हणाले नाहीत. पण मी पुढे गेलो.

फौजदाराने जबाब लिहून घेतला. दांडा कुणी मारला? मी सदाचं नाव सांगितलं. ते सांगताना रडलो, कारण मला सदाही हवा आहे. फौजदार टाक ठेवायला लागला तेव्हा मी म्हटलं, अजून राहिलंय, लिहा. सुरुवात कुणी केली ते लिहा. त्याने मान वर करून विचारलं, "कुणी?" मी माझं नाव सांगितलं, अप्पांचं नाव सांगितलं, आपलं आडनाव सांगितलं. त्याने मला विचार करायला सांगितलं. मी सही केली.

घरी आलो तेव्हा वहिनी तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पहिला आवाज माझा होता हेही सांगितलं. वाटलं होतं ती किंचाळेल, ताट फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती निवडतच राहिली. मग हात थांबले.

"ह्यांनी ओळखलेला तुमचा आवाज?"

"हो वहिनी. मी उजवीकडे होतो."

तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग वर न बघता म्हणाली, "मग भावजी, हे गेटाबाहेर आले ते कुणाला वाचवायला? त्या गणपतला, की खुनी होण्यापासून तुम्हाला?"

ती उठली, दादा, आणि माझ्यासाठी पान मांडलं.